अकरा ओळींत डिट्टो

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी मला वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला आहे, "तुम्ही नक्की करता तरी काय हो?" सुरुवातीला मी खरं उत्तर द्यायचे. अणुवीज केंद्राच्या जागी भूकंप झाला तर आतलं काय काय मोडेल आणि तसं होण्याची शक्यता किती, याचं गणित मांडते. वाण पर्समध्ये ठेवता ठेवता समोरची बाई थबकायची आणि पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "मग येणारे का भूकंप?" नाही म्हणावं तर ही पगार कशाचा घेते असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, आणि हो म्हणावं तर बिचाऱ्या घाबरायच्या. शेवटी मी "सातपूरला इंजिनीअर आहे" एवढंच सांगू लागले. नाशकात सातपूर म्हटलं की कारखाना, पुढे कुणी विचारत नाही.

आता निवृत्त झाले आहे आणि या अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न विचारला आहे. तेव्हा या खेपेला नीट सांगते. मला पगार घाबरण्याचा मिळायचा. बाकीच्यांनी निर्धास्त झोपावं म्हणून आमच्यासारख्या चार-दोन जणांनी पद्धतशीर, कागदावर, दशांश चिन्हानंतर पुष्कळ शून्यं देत घाबरायचं, असं ते काम होतं.

स्वयंपाकघरातली मांडणी डोळ्यांसमोर आणा. जमीन हलली तर पहिल्यांदा काय पडेल? कडेला ठेवलेला पेला. त्याहून जोराने हलली तर बरण्या. भिंतीतले खिळेच कुजके असतील तर अख्खी मांडणी. आमच्या कामाचा अर्धा भाग हाच, की कोणती वस्तू किती हादऱ्याला दगा देईल. उरलेला अर्धा म्हणजे तेवढा हादरा त्या जागी एका वर्षात यायची शक्यता किती. दोन्ही एकत्र केले की एक आकडा निघतो, आणि तो इतका बारीक असतो की वाचणाऱ्याला हायसं वाटतं.

मला मात्र तो आकडा वाचून कधी हायसं वाटलं नाही, आणि त्याला कारण किल्लारी. त्र्याण्णव सालापर्यंत आम्ही सगळे दख्खनच्या काळ्या कातळावर विसंबून होतो. इथली जमीन हलत नाही, असं आम्हाला शिकवलेलं होतं आणि आम्हीही पुढच्यांना तेच शिकवत होतो. भूकंपानंतर पाहणीसाठी मी तिथे गेले. दगडमातीच्या ढिगाऱ्यात एका घराची फक्त चौकट उभी होती आणि तिला आंब्याच्या पानांचं वाळलेलं तोरण तसंच होतं. आमच्या तक्त्यात त्या भागापुढे जवळजवळ शून्य लिहिलेलं होतं. 'जवळजवळ' या शब्दाची मला त्या दिवसापासून धास्ती बसली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या सातपूरच्या छोट्या कंपनीला एका चालू अणुवीज केंद्राचं काम मिळालं. कुठलं ते सांगत नाही आणि इथली नावंही बदललेली आहेत. अशा कामात गणिताआधी पायपीट असते. हेल्मेट घालून, हातात बॅटरी आणि तक्ता घेऊन केंद्राच्या खोल्याखोल्यांतून हिंडायचं आणि काय कशावर पडेल ते बघायचं. घरात सासू जशी नव्या सुनेच्या स्वयंपाकघरातून हिंडते, तशीच नजर लागते. भिंतीला टेकवून ठेवलेली शिडीसुद्धा आम्हाला खुपते.

तिथे सुरक्षेचं काम बघणारे राव नावाचे अधिकारी होते. मृदू बोलणारे, अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांच्याशी माझं पहिल्याच दिवशी वाजलं, आणि तेही गणपतीवरून. वीज गेली तर लागणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांच्या खोलीत, बरोबर बॅटऱ्यांच्या वर, भिंतीला फळी ठोकून त्यावर पितळेची चांगली जड मूर्ती बसवलेली होती. मी म्हटलं, "राव, हादरा बसला तर बाप्पा थेट बॅटरीवर. हे हलवा."

"मॅडम, केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून ते इथे आहेत," राव म्हणाले. "मी हलवले आणि दुसऱ्या दिवशी काही बिघडलं, तर लोक मला काय म्हणतील?"

दोन दिवस वाद झाला. शेवटी फळी काढून लोखंडी ब्रॅकेट लावायचं, ते चार बोल्टनी भिंतीत पक्कं करायचं आणि मूर्तीला खालून पट्टी घालायची, असं ठरलं. ते चारही बोल्ट मी स्वतः पाना लावून पिरगाळून पाहिले. सगळे पक्के निघाले. रावांनी मला प्रसादाचा पेढा दिला आणि आमचं जमलं.

आता मुख्य जागेकडे येते. भूकंपात केंद्र बंद करता येतं, त्याची एवढी काळजी नसते. पण चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तशी अणुभट्टी बंद झाल्यावरही तापलेली असते. तिच्यात पाणी खेळतं ठेवावं लागतं, पाण्याला पंप लागतो आणि पंपाला वीज. बाहेरून येणारी वीज मोठ्या भूकंपात पहिल्या झटक्यात जाते, कारण तारा धरणारे चिनीमातीचे इन्सुलेटर फुटतात. मग डिझेलवरची जनित्रं सुरू व्हावी लागतात. ती सुरू करायचा हुकूम देतात रिले पॅनेल. माणसाच्या उंचीची, कपाटासारखी, जमिनीत बोल्टनी आवळलेली. ती आडवी झाली तर हुकूम द्यायला कोणी नाही.

अशी बारा पॅनेल एका रांगेत उभी होती. प्रत्येकाला खाली सहा बोल्ट. बोल्टची डोकी पिवळ्या रंगाने चकचकत होती. राव अभिमानाने म्हणाले, "दर दसऱ्याला पूजेआधी रंगवून घेतो." मला कौतुक वाटलं. वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थराखाली बोल्ट कसा आहे ते दिसत नाही, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

चालू केंद्रात रिले पॅनेलला पाना लावणं जिकिरीचं असतं. चुकून धक्का लागला आणि आतला रिले खडखडला तर केंद्रच बंद पडायचं. त्यामुळे राव मला एकाच पॅनेलची परवानगी मिळवून देऊ शकले. मी पहिल्या पॅनेलचे सहाही बोल्ट तपासले. एकदम उत्तम. बाकीची अकरा त्याच कारखान्यातली, त्याच नकाशाप्रमाणे, त्याच लोकांनी बसवलेली. केंद्र दुरुस्तीसाठी बंद होईल तेव्हा परत येते, असं मी म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही. तक्त्यात पहिल्या ओळीत 'तपासले, ठीक' लिहिलं आणि खालच्या अकरा ओळींत डिट्टोच्या खुणा केल्या.

त्या अकरा खुणांवर पुढचं दोन वर्षांचं गणित उभं राहिलं. दोन हजार सालच्या डिसेंबरात अहवाल स्वीकारला गेला. फेब्रुवारीत मोठ्या समितीपुढे तो मी मांडायचा होता. एवढ्या मोठ्या समितीपुढे आमच्या कंपनीतून त्याआधी कुणी उभं राहिलं नव्हतं, आणि बाई तर नाहीच.

आमच्या वर्कशॉपमध्ये पुंजाजी नावाचे फिटर होते. सिन्नरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. जानेवारीत एकदा ते माझ्या टेबलापाशी सही घ्यायला आले आणि पसरलेल्या फोटोंकडे बघत उभे राहिले. "ही पिवळ्या बोल्टांची पॅनेलं कुठली, ताई?" त्यांनी विचारलं. मी केंद्राचं नाव सांगितलं. ते सही न घेताच गेले.

संक्रांत त्या वर्षी रविवारी आली. दुपारी पुंजाजी माझ्या घरी आले, धुतलेला सदरा, हातात तिळाच्या लाडवांची पुडी. त्यांनी पुडी माझ्या हातात दिली आणि "गोड बोला" म्हणायच्या ऐवजी खाली बघत बसले. माझा नवरा माधव शाळेत शिक्षक, त्याला माणसं ओळखता येतात. तो चहा करायला आत गेला.

"ती पॅनेलं मी बसवली व्हती," पुंजाजी म्हणाले. "ठेकेदाराकडं व्हतो तवा. अठरा वर्षं झाली."

मी म्हटलं, "मग छान बसवलीत. मी बोल्ट तपासलेत."

"कंचे?"

"पहिल्या पॅनेलचे."

त्यांनी मान हलवली. "तिथं सायेब लोक उभे व्हते. ते बराबर झालं. पुढं मात्र खाली ड्रिल घातलं की कांक्रीटमधली सळई लागायची. सळई कापायची नाय, असा कडक हुकूम. कापली तर बांधकाम कमजोर व्हतं म्हने. कापनाऱ्याचा गेटपास जायचा. मंग भोक व्हनार इतकंच," त्यांनी बोटाची दोन पेरं दाखवली, "आन बोल्ट हा एवढा लांब. आमी बोल्टच कापला. वरून डोकं तसंच दिसतंय, सिमेंट भरलं, झालं."

"मुकादमाला माहीत होतं?"

"त्यानीच सांगितलं."

"किती बोल्ट कापले, पुंजाजी?"

"कसं सांगू आता. लय असतील." मग म्हणाले, "माझं नाव नका घेऊ ताई. पन कायतरी करा. तुमचे फोटो पाह्यल्यापासून जेवन जात नाय."

ते गेल्यावर मी हातातल्या पुडीची गाठ सोडत आणि बांधत किती वेळ बसले, मला आठवत नाही. सळई सुरक्षेसाठी कापायची नाही, बोल्ट सुरक्षेसाठी पूर्ण खोल हवा. दोन्ही नियम आमच्यासारख्या खुर्चीतल्यांनीच केलेले, आणि ते एकमेकांवर आदळले ते गुडघ्यावर बसलेल्या एका फिटरच्या ड्रिलच्या टोकाशी. त्याने जो नियम मोडला तर पकडला जाईल, तो पाळला. जो मोडला तर कुणाला दिसणार नाही, तो मोडला.

कुणीही म्हणेल, त्याच दिवशी रावांना फोन करायचा. मी केला नाही. सोमवारी करू म्हटलं. सोमवारी वाटलं, आधी जुने नकाशे बघू, पुंजाजींची आठवण चुकीची असेल. नकाशे बघितले तर पॅनेलांखालच्या सळया अगदी दाट होत्या. मंगळवारी मला फेब्रुवारीतली समिती दिसू लागली. फोन करायचा म्हणजे सांगायचं की मी अकरा ठिकाणी न बघता लिहिलं.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी गणित मांडलं. ती पॅनेल पडतील एवढा हादरा एका वर्षात यायची शक्यता इतकी. मग दहा-बारा दिवसांत यायची? भागिले तीस. आलेला आकडा खरोखर नगण्य होता. माझ्या गणितात चूक नव्हती. त्याच्या आधाराने मी रोज एक दिवस पुढे ढकलत होते.

पण भीती गणित ऐकत नव्हती. रस्त्यावरून ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, की माझ्या हातातलं काम थांबायचं. संक्रांतीनंतरचे दिवस, संध्याकाळी कुणाकुणाकडे हळदीकुंकू. मी अत्तर लावून घ्यायचे, हसायचे, आणि प्रत्येक घरात गेले की आधी वर बघायचे, झुंबर स्थिर आहे का. माधवने एकदा विचारलं, "फोन केलास?" मी म्हटलं, "करते." त्याने परत विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी माधव झेंडावंदनाला शाळेत गेला होता. माझ्याकडे संध्याकाळी हळदीकुंकू होतं. वाणासाठी आणलेल्या स्टीलच्या वाट्या मी ओट्यावर चळतींनी रचत होते. पावणेनऊच्या सुमाराला मला चक्कर आल्यासारखं झालं. मी ओटा धरला. मग वाट्या वाजू लागल्या. बारीक, एकसारख्या, कुणीतरी लांबून हलवल्यासारख्या. वर बघितलं तर दिवा झुलत होता.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. जवळचा लहान भूकंप धक्का देतो, लांबचा मोठा भूकंप झुलवतो. तो दिवा सावकाश झुलत होता, आणि थांबत नव्हता. कुठेतरी लांब काहीतरी प्रचंड झालं होतं आणि ते कोणत्या दिशेला हे मला माहीत नव्हतं. शेजारणी जिन्यातून खाली धावत होत्या, मलाही हाका मारत होत्या. मी फोनकडे धावले.

फोन लागेना. सगळ्या लाइन व्यस्त आहेत, असं एक बाई शांतपणे सांगत होती. मी परत फिरवत होते. माझ्या डोळ्यांपुढे ती बारा पॅनेल होती, पहिलं ताठ उभं आणि बाकीची एकामागून एक आडवी होत जाणारी. मी मोठ्याने म्हणत होते, "तिकडे नको, तिकडे नको." तिकडे नको म्हणजे दुसरीकडे कुणाच्या तरी घरावर, हे मला त्या वेळी कळतही नव्हतं. मोजला नाही, पण तासाहून जास्त वेळ मी तो एक नंबर फिरवत होते.

शेवटी लागला. राव स्वतःच बोलले.

"राव, तिकडे काही..."

"मॅडम? हॅपी रिपब्लिक डे," ते म्हणाले. "झेंडावंदन झालं, लाडू खातोय. काय झालं?"

"जमीन हलली का तुमच्याकडे?"

"इथे? नाही हो. कुणालाच काही जाणवलं नाही."

मी फोन ठेवला आणि जमिनीवर बसून रडले. थोड्या वेळाने टीव्हीवर कच्छचं नाव आलं. पुढे दिवसभर काय काय येत गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. जी जागा मी दुसरीकडे म्हणून मागितली होती, ती हीच. देवाने माझं ऐकलं असं मी मानत नाही, पण मी मागितलं होतं हे खरं आहे.

हळदीकुंकू रद्द केलं, तरी ज्यांना निरोप पोचला नाही त्या चार-पाचजणी आल्याच. वाट्या तशाच ओट्यावर. एकीने विचारलं, "तुम्ही तर यातल्या ना? तुम्हाला आधी कळलं नाही?" मी नाही म्हटलं आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

त्या संध्याकाळी पत्र लिहिलं आणि त्याच रात्री फॅक्सने पाठवलं. पॅनेल दोन ते बारा यांचे बोल्ट आखूड असण्याची शक्यता आहे, केंद्र बंद करून तपासावेत, तोपर्यंत माझा अहवाल ग्राह्य धरू नये. सुरुवातीचं वाक्य होतं, 'माहिती मिळताच कळवत आहे.' पुंजाजींचं नाव दिलं नाही. मधल्या बारा दिवसांबद्दलही काही लिहिलं नाही.

केंद्र बंद करून तपासणी झाली. रावांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. सहाव्या पॅनेलचे तीन बोल्ट हाताने उपटून आले होते. नवव्याचा एकच धड होता. सगळी पॅनेल सळया चुकवून, नव्या जाड पट्ट्यांवर बसवली गेली. आखूड बोल्ट धरून मी गणित परत केलं, तेव्हा जो आकडा आला तो बघून समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी चष्मा काढून ठेवला. नंतर मला कौतुकाचं पत्र मिळालं. त्यात 'तत्परता' असा शब्द होता. ते मी कुणाला दाखवलं नाही.

मार्चमध्ये एका रविवारी एसटीने सिन्नरला जाऊन पुंजाजींना भेटले. ते अंगणात कांदे निवडत बसले होते. मी सांगितलं, सगळे बोल्ट बदलले, तुमचं नाव कुठेही नाही. त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "कवा कळवलं तुमी?"

"सव्वीस जानेवारीला."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे बारा दिसांनी." आवाजात राग नव्हता, नुसतं विचारत होते. "तवर नाय येनार, असं वाटलं व्हय?"

"शक्यता फारच कमी होती, पुंजाजी," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

"मला बी तसंच वाटायचं," ते म्हणाले. "अठरा वर्षं." त्यांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं. मग परत कांद्यांकडे वळत म्हणाले, "मंग आपन दोघं सारखंच की, ताई."

पुंजाजी आता नाहीत. त्या दिवशी मी समोर आलेला चहा पीत राहिले. ते जे म्हणाले त्याला मी उत्तर दिलं नव्हतं, ते आज देते. हो पुंजाजी, सारखेच.